तीन वर्षांचे रविवार

दिवाळीच्या आदल्या दिवशी आमच्या दारावर येणारी कुंभारीण अडीच डझन पणत्या मोजून देते आणि मोजणी संपली की टोपलीतली आणखी एक उचलून "ही वरची" म्हणून हातावर ठेवते. हिशेबात न धरलेली ही पणती मला नेहमीच अधिक आवडत आली आहे. गेल्या वर्षी मात्र तिने घोटाळा केला. माझी नात अंगणात पणत्या मांडीत होती, आणि मुलांना रांगा सारख्या लागतात. तिने पाच-पाचच्या रांगा लावल्या, एक उरली. सहा-सहाच्या लावल्या, एक उरली. चार-चारच्या लावल्या तेव्हा तर तीन उरल्या. शेवटी वैतागून ती म्हणाली, "आजोबा, या पणत्या नीट बसतच नाहीत. एक काढून टाकू का?"

"काढू नकोस," मी म्हणालो. "दोष पणत्यांचा नाही आणि तुझाही नाही. एकतीस ही संख्याच तशी आहे. एका लांब ओळीत ती उभी राहील. सारख्या रांगांच्या चौकोनात काही केल्या बसायची नाही."

अशा संख्यांना गणितात मूळ संख्या म्हणतात, हे तिला शाळेत शिकवले होते. पण पुस्तकातली मूळ संख्या अंगणात येऊन आपली रांग मोडते, हे तिला नवीन होते. तिने लगेच विचारले, "मग अशी सगळ्यांत मोठी संख्या कोणती, सांगा ना!" तशी सर्वांत मोठी संख्या नाहीच, हे युक्लिडने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी दाखवून ठेवले आहे. तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी मी तिला एका मोठ्या संख्येची गोष्ट सांगितली. ती गोष्ट मला एरवीही अधूनमधून आठवते, आणि दिवाळीच्या दिवसांत तर हटकून आठवते. तसे का, तेच आज सांगायचे आहे.

बुद्धिबळाच्या पटाची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत गेले की चौसष्टाव्या घरापर्यंत राजाची कोठारे रिकामी होतात. या कथेत राजाची फजिती आपल्या लक्षात राहते. पण दाण्यांची बेरीज पाहिली तर तीही गमतीची आहे. तीन घरांची बेरीज ७, पाच घरांची ३१, सात घरांची १२७. या तिन्ही मूळ संख्या. आमच्या पणत्या म्हणजे पटाच्या पहिल्या पाच घरांतले दाणेच म्हणा ना! यावरून कोणालाही वाटेल की घरांची संख्या मूळ असली की दाण्यांची बेरीजही मूळच येणार. पण अकरा घरांपाशी पाय घसरतो. तिथे बेरीज येते २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. तेवीस रांगा, प्रत्येक रांगेत एकोणनव्वद. चौकोन कसा सुरेख जमतो!

म्हणजे काही ठिकाणी चौकोन जमतो आणि काही ठिकाणी नाही. कुठे जमतो आणि कुठे नाही हे सांगण्याचे धाडस १६४४ मध्ये पॅरिसमधल्या एका धर्मोपदेशकाने केले. त्याचे नाव मारँ मेर्सेन. देकार्त, फर्मा यांच्यासारख्या विद्वानांची पत्रे त्याच्याकडे येत आणि एकाचे म्हणणे दुसऱ्याला कळवण्याचे काम तो आनंदाने करी. त्या काळी आजच्यासारखी विद्वानांची नियतकालिके नव्हती. मेर्सेनची मठातली खोली हेच एक चालते-बोलते नियतकालिक होते. त्याने आपल्या ग्रंथात छापून टाकले की २५७ घरांपर्यंत गेले तर २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्याच घरांशी थांबल्यास बेरीज मूळ संख्या येते.

या यादीतला ६७ हा आमच्या गोष्टीचा नायक. सदुसष्ट घरांची बेरीज, म्हणजे सदुसष्ट दोन एकमेकांना गुणून आलेल्या संख्येतून एक वजा केला की येणारी संख्या, अशी आहे: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंक! ही संख्या मेर्सेनने तपासली कशी असेल? त्या काळच्या साधनांनी ती पुरती तपासणे त्याला शक्यच नव्हते. पण विधान ठाम होते, सांगणारा भला होता, आणि पडताळून पाहायला कोणाला सवड नव्हती. आपल्या घरांतून जशा काही समजुती, 'आजोबा सांगत असत' एवढ्याच आधारावर, पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात, तशी ही यादीही चालत राहिली.

तिच्यावरचा विश्वास उडाला तो १८७६ मध्ये. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने सांगितले की ६७ घरांची ती बेरीज मूळ संख्या नाही. तिचे तुकडे पडतात. हा ल्युका म्हणजे तीन खुंट्यांवर चकत्या हलवण्याचे, 'हनोईचा मनोरा' नावाचे कोडे ज्याने पुढे मुलांना दिले तोच. पण खरे नवल पुढेच आहे. तुकडे पडतात असे ल्युकाने सिद्ध केले. कोणते तुकडे पडतात, ते मात्र त्याला ठाऊक नव्हते!

हे कसे शक्य आहे, असे वाचकांना वाटेल. म्हणून ल्युकाची रीत, पुढे १९३० च्या सुमारास लेहमर यांनी तिला जे सुटसुटीत रूप दिले त्या रूपात, आपल्या पणत्यांवरच करून पाहू. चारापासून सुरुवात करायची. वर्ग करून त्यातून दोन वजा करायचे: १६ उणे २, म्हणजे १४. पुन्हा तेच: १९६ उणे २, म्हणजे १९४. याला ३१ ने भागले की बाकी ८. पुन्हा तेच: ६४ उणे २, म्हणजे ६२, याला ३१ ने भागले की बाकी शून्य. पटाची घरे पाच, म्हणून त्यातून दोन कमी करून ही क्रिया तीनदा करायची. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. न आली तर नाही. ६७ घरांसाठी हीच क्रिया पासष्ट वेळा करावी लागते. आकडे राक्षसी असले तरी रीत तीच, आणि शेवटी शून्य येत नाही. बस्स! संख्या फुटते, हे निश्चित झाले. रोग्याची नाडी पाहून 'प्रकृती बरी नाही' असे निःशंक सांगता यावे, पण कोणत्या अवयवात काय बिघडले ते कळू नये, तसा हा प्रकार.

इथपर्यंतची गोष्ट सांगताना मला माझीच एक जुनी आठवण टोचू लागते. ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे.

१९७८ साल. हिशेब तपासनिसाच्या नोकरीला लागून मला दुसरेच वर्ष होते. तालुक्याच्या एका गावी एका सहकारी संस्थेचे दप्तर तपासायला मला पाठवले होते. तिथे तेरीज जुळेना. तेरीज म्हणजे काय, हे आता सांगावे लागते. खतावणीतल्या सर्व खात्यांच्या जमा बाकी एका रकान्यात आणि नावे बाकी दुसऱ्या रकान्यात मांडून दोन्हींच्या बेरजा करायच्या. लिहिणे बिनचूक असेल तर बेरजा सारख्या येतात. इथे साडेचार हजार रुपयांचा फरक होता, आणि त्या काळी साडेचार हजार ही काही लहान रक्कम नव्हती. मी दोनदा बेरजा केल्या, फरक पक्का केला आणि शेऱ्याच्या कागदावर एक ओळ लिहिली: 'तेरीज जुळत नाही. फरक रु. ४,५००. खुलासा व्हावा.' दिवाळी चार दिवसांवर आली होती. मला घरची एस. टी. गाठायची होती. सही करून मी निघालो.

माझ्या त्या ओळीत एक अक्षरही खोटे नव्हते. पण जे मला माहीत होते आणि मी लिहिले नाही, ते असे की तेरजेतला फरक म्हणजे तिजोरीतली तूट नव्हे. लिहिताना कुठेतरी चूक झाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. कोणी पैसे खाल्ले असते आणि ते लपवायचे असते, तर त्याने आधी तेरीज जुळवून ठेवली असती. शिल्लक मोजून पाहिली होती आणि ती बरोबर होती, हेही मला ठाऊक होते. पण संस्थेच्या पंचमंडळींना हिशेबातले हे बारकावे कुठून कळणार? त्यांनी 'फरक रु. ४,५००' वाचले आणि त्याचा अर्थ 'साडेचार हजार गेले' असा केला. खतावणी लिहिणारा कारकून तिशीतला होता, दोन लहान मुलांचा बाप. त्याला सक्तीच्या रजेवर बसवले. गावात बोलबाला व्हायला काय वेळ लागतो? ऐन दिवाळीत त्याच्या दारावरून जाणारी माणसे मान फिरवून जात, असे मला मागाहून कळले. त्याच दिवसांत मी माझ्या घरी फराळ करीत होतो.

पौषात मी पुन्हा त्या गावी गेलो. तिथले हेडक्लार्क वयस्क गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी काही न बोलता खतावणी माझ्यापुढे उघडली, शेजारी कीर्द उघडली आणि दोन्हींवर एकेक बोट ठेवले. कीर्दीत रक्कम होती ७,२५०. खतावणीत ती उतरली होती २,७५० अशी. सात आणि दोन यांनी जागा बदलल्या होत्या.

"फरकाला नवाने भाग जातो," ते म्हणाले, "तेव्हाच वाटलं की आकडे उलटे पडले असतील."

हा नियम मलाही शिकवलेला होता. शेजारशेजारचे दोन अंक उलटे पडले की होणाऱ्या फरकाला नवाने नेहमी भाग जातो. शिवाय फरक ४,५०० म्हणजे नऊ गुणिले पाच गुणिले शंभर. तेव्हा हजाराच्या आणि शेकड्याच्या घरांतले अंक उलटले असावेत आणि त्या दोन अंकांत पाचाचे अंतर असावे, हेही त्यावरून ताडता येते. अर्थात हा पुरावा नव्हे, इशारा आहे. नवाने भाग दुसऱ्याही चुकांना जाऊ शकतो. चूक खरोखर तीच आहे का, हे पाहायला नोंदीमागून नोंद कीर्दीशी ताडूनच पाहावी लागते.

"किती वेळ लागला?" मी विचारले.

"पाच रविवार," ते म्हणाले. "एरवी ऑफिसचं काम असतं ना." आणि मग, मला बरे वाटावे म्हणूनच बहुधा, पुढे म्हणाले, "साहेब, फरक तुम्ही अगदी बरोबर काढला होता. मी फक्त तो राहतो कुठे, तेवढं पाहिलं."

मी कागदावर लिहिले, 'खुलासा समाधानकारक.' कारकून कामावर आला होता. पण त्याने स्वतःच मागून आवक-जावकचे टेबल घेतले होते. खतावणीला त्याने पुन्हा हात लावला नाही, असे मला पुढच्या वर्षी समजले. मी त्याच्याशी त्या विषयावर एक शब्दही बोललो नाही. काय बोलायचे, ते मला सुचले नाही. आणि जेव्हा सुचले, तेव्हा माझी बदली झाली होती.

यानंतर बऱ्याच वर्षांनी मी त्या एकवीस अंकी संख्येची उरलेली गोष्ट वाचली. फ्रँक नेल्सन कोल हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे दीर्घकाळचे चिटणीस. ल्युकाने ती संख्या फुटते असे सांगितल्याला सत्तावीस वर्षे होऊन गेल्यावर, ऑक्टोबर १९०३ मध्ये, सोसायटीच्या सभेत ते एक निबंध वाचण्यासाठी उभे राहिले. पुढची हकीकत एरिक टेंपल बेल या गणितज्ञाने लिहून ठेवली आहे. बेल गोष्टी रंगवून सांगण्याबद्दल प्रसिद्ध होते, तेव्हा तिला थोडे मीठ-मसाला लागलेले असणे शक्य आहे. कोल फळ्यापाशी गेले. तोंडाने चकार शब्द न काढता त्यांनी सदुसष्ट दोनांचा गुणाकार केला आणि त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला दोन संख्या लिहिल्या, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७, आणि त्यांचा गुणाकार हाताने, ओळीखाली ओळ मांडून केला. दोन्हीकडची उत्तरे एकच आली. कोल जागेवर जाऊन बसले. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. कोणी काही विचारले नाही, कारण विचारायला काही उरलेच नव्हते.

पुढे बेल यांनी कोलना विचारले, याला किती वेळ लागला? कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

हे वाचले तेव्हा माझ्यापुढे न्यूयॉर्कची सभा उभी राहिली नाही. उभे राहिले ते दोन वह्यांवर दोन बोटे ठेवून बसलेले हेडक्लार्क.

कोल यांच्या कामाचा आवाका थोडा सांगायला हवा. या संख्येचे अवयव शोधायला सर्वच संख्या चाळाव्या लागत नाहीत. १३४ चा पाढा म्हणायचा आणि प्रत्येक वेळी त्यात एक मिळवायचा. तशाच संख्यांत तिचा अवयव असू शकतो, कारण १३४ ही ६७ ची दुप्पट. मघाच्या २०४७ मध्येही हेच दिसते: तिथे अकराची दुप्पट २२, २२ मध्ये एक मिळवला की २३, आणि ८८ मध्ये एक मिळवला की ८९. पण कोल यांचा लहान अवयव या पाढ्याच्या कितव्या पायरीवर आहे? १४,४५,५८० व्या! त्यांनी अर्थातच सगळ्या पायऱ्या चढल्या नाहीत. बुद्धीने अनेक पायऱ्या गाळल्या. तरीही तीन वर्षांचे रविवार लागले. आणि गंमत अशी की अवयव एकदा हाती आले की ते खरे आहेत हे पाहायला तासाभराचा गुणाकार पुरतो. जोडणे सोपे, फोडणे अवघड. १९७७ पासून गुप्त संदेशांना याच विषमतेची कुलपे घालण्याची युक्ती निघाली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. 'इथे चूक आहे' असे म्हणणाऱ्याची जबाबदारी कुठे संपते? पुष्कळ वर्षे मी या प्रश्नाचे सोपे उत्तर देत असे. ल्युकाने नुसते 'फुटते' म्हटले, कोलने फोडून दाखवले. म्हणून ल्युका कमी आणि कोल श्रेष्ठ. मी नुसता फरक दाखवला, हेडक्लार्कांनी चूक दाखवली; म्हणून मी कमी. स्वतःला असे दोषी ठरवण्यातही एक प्रकारचे सुख असते. पण हे उत्तर बरोबर नाही, असे मला हळूहळू वाटू लागले.

कारण, ज्याला चूक दिसते त्याने ती नेमकी कुठे आहे हे सापडेपर्यंत बोलूच नये, असा नियम केला तर जगात फारसे कोणी बोलणारच नाही, आणि बडी मंडळी 'आधी पुरावा दाखव' म्हणून प्रत्येकाचे तोंड बंद करतील. मेर्सेनची यादी अडीच-तीनशे वर्षे निमूटपणे चालली असती. खरे तर तिच्यात एकूण पाच चुका होत्या. ६७ आणि २५७ हे आकडे तिच्यात नको होते. ६१, ८९ आणि १०७ हे हवे असून नव्हते. आणि सगळा हिशेब पुरता व्हायला १९४७ साल उजाडले. या दुरुस्तीला बळ मिळाले ते ल्युकाच्या रीतीमुळेच. १२७ घरांच्या ३९ अंकी बेरजेबद्दल मेर्सेनचे म्हणणे बरोबर होते, हेही ल्युकानेच १८७६ मध्ये सिद्ध केले. नुसती चूक काढायला बसलेल्या माणसाचे हे लक्षण नव्हे.

ल्युकात आणि माझ्यात जो फरक होता तो निराळाच. ल्युकाला जेवढे कळले होते तेवढेच त्याने सांगितले. संख्या फुटते म्हणाला. कुठे फुटते ते म्हणाला नाही. आणि ऐकणाऱ्या कोणाचाही तसा गैरसमज झाला नाही. माझ्या एका ओळीत मला जे कळले होते ते सगळे नव्हते. 'रोख शिल्लक बरोबर आहे. ही लिहिण्यातली चूक दिसते' एवढे आठ शब्द मी आणखी लिहिले असते, तर कोणाला रजेवर बसावे लागले नसते. त्या आठ शब्दांची जागा मी मोकळी सोडली, आणि मोकळ्या जागेत लोक नेहमी माणसाचे नाव भरतात. संख्येच्या अवयवांना अब्रू नसते. ते सत्तावीस वर्षे अज्ञात राहिले तरी कोणाच्या घरचा फराळ कडू होत नाही. माणसांच्या बाबतीत 'चूक आहे' आणि 'चूक इथे आहे' यांच्यामध्ये जो काळ जातो, तो कोणाला तरी जगून काढावा लागतो.

म्हणून मला आज असे वाटते की चूक सांगणाऱ्यावर दोन ऋणे आहेत. आपल्याला कळले किती आणि न कळलेले किती, याची रेघ स्पष्ट ओढणे, हे पहिले. ते प्रत्येकाला फेडता येते आणि त्याला एका ओळीपेक्षा जास्त शाई लागत नाही. दुसरे म्हणजे शोधाचे. ते प्रत्येकाला एकट्याने फेडता येईल असे नाही. पण कोणीतरी आपले रविवार खर्चून फेडणार आहे, याची जाणीव तरी असावी.

गोष्ट संपेपर्यंत नातीने काय केले होते? तिने आपल्या आईचा मोबाइल आणून ती एकवीस अंकी संख्या त्यात घातली होती. माझा चहा निवायच्या आत दोन्ही अवयव पडद्यावर हजर! "आजोबा, मग त्या कोल आजोबांनी एवढे रविवार उगाच घालवले?"

प्रश्न रास्त होता. २०२४ मध्ये यंत्रांच्या साह्याने ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांची मूळ संख्या सापडली. तिच्यापुढे आमची एकवीस अंकी संख्या म्हणजे रांगणारे मूल. आणि हिशेबाच्या वह्यांचेही तेच झाले. आज यंत्रावर रक्कम एकदाच घालतात, ती आपली आपण दोन्ही बाजूंना जाऊन बसते. हेडक्लार्कांचे पाच रविवार आता कोणाला खर्चावे लागत नाहीत.

पण यंत्राने काम घेतले, ऋण घेतले नाही. कोणत्याही खिडकीपाशी जाऊन उभे राहा. कागदावरचे नाव आणि यंत्रातले नाव यांत एका वेलांटीचा फरक असतो. खिडकीतला तरुण मान वर न करता म्हणतो, "जुळत नाही." तोही खोटे बोलत नाही. अगदी माझ्यासारखाच तोही खरे तेच सांगतो आणि त्याची एस. टी. गाठायला निघतो. खिडकीबाहेरची म्हातारी मात्र, आपले काय चुकले या विचारात, ऊन उतरेपर्यंत पायरीवर बसून राहते. 'जुळत नाही' म्हणण्याचे काम आता क्षणात होते आणि दिवसाकाठी लाखो वेळा होते. खिडकीबाहेर येऊन 'ही पाहा, ही वेलांटी' असे बोट ठेवून दाखवणारा माणूस मात्र पूर्वीइतकाच दुर्मिळ आहे.

हे सगळे नातीला सांगण्यात अर्थ नव्हता. मी एवढेच म्हणालो, "मोबाइल म्हणतो ते खरं कशावरून? गुणून पाहा बरं!"

ती हट्टी आहे. पाठकोऱ्या कागदांची चळत घेऊन ओटीवर बसली. नऊ ओळींचा गुणाकार. त्यातली एक ओळ शून्याची, आणि सातची ओळ एकदा केली की ती तीनदा कामाला येते, हे तिचे तिनेच हेरले तेव्हा मला फार बरे वाटले. दिवे लावायची वेळ झाली तेव्हा तिची बेरीज पुरी झाली आणि उत्तर आले नाही. मधलेच दोन अंक वेगळे आले होते. तिने माझ्याकडे पाहिले. ओठ थरथरायला लागले होते.

"चुकलं," हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो मी गिळला. चष्मा पुसला, तिच्याशेजारी सतरंजीवर बसलो, आणि आम्ही दोघांनी पहिल्या ओळीपासून एकेका अंकावर बोट ठेवीत जायला सुरुवात केली. आतून तिच्या आजीने दोनदा हाक मारली. नवाच्या ओळीत एक हातचा मिळवायचा राहून गेला होता. तो मिळवला, खालची बेरीज पुन्हा केली, आणि शेवटचे ९२७ जुळलेले होतेच, मधलेही जुळले.

तोवर अंधार पडला होता आणि पणत्या तशाच राहिल्या होत्या. पाच-पाचच्या सहा रांगा तिने भराभर लावल्या. एकतिसावी हातात घेऊन ती क्षणभर थांबली, आणि मग तिने ती दाराबाहेर, पायरीवर नेऊन ठेवली.